आमटीतला बटाटा

मेडिकलच्या काउंटरमागे तीस वर्षं उभा राहिलेला माणूस चिठ्ठीच्या आधी चेहरा वाचायला शिकतो. मनाच्या आजाराच्या गोळ्या नेणारं गिऱ्हाईक तर लांबूनच कळतं. गर्दी ओसरेपर्यंत ते शेजारच्या रसवंतीपाशी घुटमळतं, मग येतं, चिठ्ठीची घडी न उलगडताच पुढे सरकवतं आणि गोळ्या हातात पडल्या की म्हणतं, “कागदात बांधून द्या.” खोकल्याचं औषध कोणी कागदात बांधून मागत नाही.

गुरुजी तसे नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर वर्षभरात पार आक्रसून गेलेले. मुलीने आग्रहाने मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं होतं आणि एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम सुरू झालं होतं. विसाव्या दिवशी भर गर्दीत काउंटरवर कोपर टेकून ते मला म्हणाले, “शेठ, डॉक्टर म्हणाले मेंदूतलं एक केमिकल कमी झालंय, गोळीने ते भरून निघेल. आता किती भरलं हे बघायचं कुठे? समोरच्या लॅबवाल्याला विचारून आलो. त्याच्याकडे थायरॉइड आहे, बी-ट्वेल्व्ह आहे, डी-थ्री आहे. हे नाही.”

मी हसून वेळ मारून नेली. पण गणिताच्या मास्तरांनी चूक अचूक पकडली होती. टाकी असेल तर पातळी असणार आणि पातळी असेल तर ती मोजता येणार. हिमोग्लोबिन मोजून लोहाची गोळी देतात, साखर मोजून इन्सुलिनचे युनिट ठरवतात. मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे गुरुजींचं ते केमिकल, मोजून नैराश्याची गोळी लिहून देणारा डॉक्टर मात्र जगात कुठेही नाही, कारण दवाखान्यात करता येईल अशी ती तपासणीच नाही. रक्तातलं सेरोटोनिन मोजता येतं, पण शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, रक्तातल्या प्लेटलेट्स ते वाहून नेतात आणि ते मेंदूत शिरत नाही. ते मोजून मेंदूचा अंदाज बांधणं म्हणजे नाशिकचा पाऊस मोजून चेरापुंजीचं पीकपाणी सांगण्यासारखं आहे.

गोळी काम करते. तिच्याबद्दल आपण जे वाक्य सांगतो ते मात्र खोटं आहे. लोक गोळी किती दिवस घेतात, कधी सोडतात आणि कुणाच्या सांगण्यावर सोडतात हे बरंचसं त्या वाक्यावरून ठरतं, म्हणून ते खोटं चालवून घ्यावं असं मला वाटत नाही.

आमटीत मीठ जास्त पडलं की आमच्या घरी त्यात सोललेला बटाटा सोडतात. आमटी सुधारते. पण आमटी सुधारली म्हणून मुळात तिच्यात बटाट्याची कमतरता होती असं कोणी म्हणत नाही. मेंदूच्या बाबतीत मात्र विसाव्या शतकातल्या अत्यंत हुशार माणसांनी जवळपास हेच म्हटलं, आणि ते तिथवर कसे पोचले याची वाट मुंबईवरून जाते.

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. उत्तरेत तिला ‘पागल बूटी’च म्हणतात, आणि नावावरूनच उपयोग कळतो. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर, दोन्हींवर चालते. इंग्रजी वैद्यकाने फारसं मनावर घेतलं नाही. मग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आल्या. तेव्हा पश्चिमेचे डोळे उघडले. १९५२ साली बाझलच्या सिबा कंपनीने मुळीतला मुख्य घटक वेगळा काढला, त्याचं नाव रेसर्पिन. न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते रुग्णांना दिलं आणि १९५४ साली निष्कर्ष छापले. त्याच काळात पॅरिसमध्ये तशाच कामाचं क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं होतं. १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार या दोन्ही औषधांच्या मानकऱ्यांना मिळाला, त्यात क्लाइन, फ्रान्सचे लाबोरी आणि डेनिकेर यांच्या बरोबरीने आपले वकील होते. मुंबईत आज किती जणांना हे नाव माहीत असेल कुणास ठाऊक.

रेसर्पिन आत जाऊन करतं काय, हा प्रश्न पुढचा. अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५ मध्ये दिसलं की ते सेरोटोनिनचे साठे रिकामे करतं. तिथे काम करून स्वीडनला परतलेल्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांवर प्रयोग केला. रेसर्पिन दिलेला ससा कान पाडून, हालचाल सोडून नुसता बसून राहतो. त्याला सेरोटोनिनचा कच्चा माल टोचला तर काही फरक नाही. डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचा कच्चा माल, म्हणजे एल-डोपा, टोचला आणि थोड्याच वेळात ससा कान टवकारून उभा. कंपवाताचा आजचा इलाज याच सशापासून सुरू होतो. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. (जाता जाता, एल-डोपा आपल्या खाजकुयलीच्या बियांत भरपूर असतं. सह्याद्रीच्या एकाच रानात सशाला बसवणारी मुळी आणि उठवणारी बी, दोन्ही उगवतात.)

इथवर सगळं चोख विज्ञान होतं. घसरण यापुढे. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. दुसरीकडे न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना १९५२ मध्ये इप्रोनियाझिड दिलं तर मरणाला टेकलेली माणसं आनंदात दिसू लागली. इप्रोनियाझिड हे आपल्या टीबीच्या रुग्णांना ठाऊक असलेल्या आयएनएचचं भावंड. ते मेंदूतल्या या रसायनांचं विघटन थांबवतं, म्हणजे साठा वाढवतं. मग बेरीज सोपी झाली. साठा रिकामा केला की माणूस खचतो, वाढवला की उठतो, तेव्हा खचलेल्या माणसाचा साठा मुळातच कमी असणार. १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरएपिनेफ्रिन या मेंदूतल्या आणखी एका रसायनाबद्दल हे गृहीतक मांडलं, पुढे इंग्लंडचे अ‍ॅलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनवर भर दिला. शिल्डक्राउट यांनी ते गृहीतक म्हणूनच मांडलं होतं हेही सांगायला हवं. त्यातला ‘कदाचित’ पुढच्या लोकांनी गाळला.

या बेरजेत न बसणारा एक आकडा तेव्हाच हजर होता. १९५५ साली लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त, उदास रुग्णांची रीतसर चाचणी घेतली, काहींना रेसर्पिन, काहींना औषध नसलेली खोटी गोळी. साठा रिकामा करणाऱ्या औषधाने ही माणसं आणखी बुडायला हवी होती. ती सुधारली. ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. कोणी लपवलं नाही, पण ते कुणाच्या कामाचंही नव्हतं. आणि इमिप्रमिन, ज्याच्यापासून नैराश्याच्या गोळ्यांची एक मोठी शाखा निघाली, ते तर स्वित्झर्लंडच्या म्युन्स्टरलिंगेन गावात रोलंड कून स्किझोफ्रेनियासाठी वापरून बघत होते. तिथे ते चाललं नाही, खचलेल्या रुग्णांवर चाललं. म्हणजे औषध आधी सापडलं आणि आजाराचं कारण औषधाच्या मागून आलं. बटाट्यावरून आमटीचं निदान.

डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुऑक्सेटिन या नैराश्याच्या गोळीला परवानगी मिळाली आणि त्यानंतरच्या दशकात ‘केमिकल इम्बॅलन्स’ हा शब्द तिथल्या जाहिरातींतून घरोघरी गेला. आपल्याकडे चिठ्ठीच्या औषधाची टीव्हीवर जाहिरात करता येत नाही. तरीही ते वाक्य आलं, डॉक्टरांच्या तोंडून आलं. साठ रुग्ण बाहेर बाकावर बसलेले असताना दोन मिनिटांत सांगता येईल असं दुसरं वाक्य त्यांच्याजवळ नव्हतं, हे मला मान्य आहे.

गोळी काय करते ते आठवडी बाजारावरून सांगतो. दोन चेतापेशींमध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. एक पेशी त्या फटीत सेरोटोनिन सोडते, ते समोरच्या पेशीवरच्या रिसेप्टरांना, म्हणजे ते पकडणाऱ्या जागांना, जाऊन बसतं आणि उरलेलं पहिली पेशी परत आत ओढून घेते. संध्याकाळी बाजार उठताना न खपलेला माल टेम्पोत भरून माघारी नेतात तसं. एस्सिटालोप्राम त्या टेम्पोच्या चाकाखाली दगड लावतं. माल बाजारात जास्त वेळ पडून राहतो. हे पहिली गोळी घेतल्यावर काही तासांतच होतं.

इथेच कमतरतेचं वाक्य मोडतं. तेवढीच भानगड असती तर गुरुजी दुसऱ्या दिवशी सकाळी शीळ घालत उठायला हवे होते. प्रत्यक्षात दोन ते सहा आठवडे जातात, कारण बाजार मुका नसतो. माल तुंबलेला दिसला की पाठवणारा आवक कमी करतो. पेशीच्या स्वतःच्या अंगावर असे पहारेकरी रिसेप्टर असतात, ते बाहेरची गर्दी बघून उत्पादनाला लगाम घालतात. काही आठवड्यांत हे पहारेकरी बधिर होतात, लगाम सैल होतो, आणि त्यानंतर पेशींमधल्या जोडण्यांमध्ये हळूहळू बदल होऊ लागतात. पहिल्या पंधरवड्यात रुग्णाच्या वाट्याला काय येतं? मळमळ, हातापायांत अस्वस्थपणा, उडालेली झोप. तरुण रुग्णांच्या मनात या काळात मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून २००४ पासून अमेरिकेत वेष्टनावर ठळक इशारा छापतात. आधी त्रास आणि मग गुण, हा क्रम कोणी सांगितलेला नसतो. म्हणून दहाव्या दिवशी माणूस अर्धी स्ट्रिप घेऊन माझ्याकडे येतो, “परत घेता का?” म्हणून.

बाजाराची उपमा इथेच सोडतो, कारण सेरोटोनिनचे रिसेप्टरच किमान चौदा प्रकारचे आहेत आणि इतके बाजार मला सांभाळता येणार नाहीत. पण ऑक्सफर्डच्या कॅथरिन हार्मर यांचं काम सांगायलाच हवं. त्यांना असं दिसलं की या औषधांचा एकच डोस घेतला तरी, मनःस्थितीत काहीही फरक पडलेला नसताना, माणूस हसरे चेहरे अधिक सहज ओळखू लागतो. म्हणजे मन जग वेचतं कसं, ते आधी बदलतं. वेचलेलं साठत जातं आणि मनःस्थिती त्याच्या मागून येते. ही मांडणी बरोबर असेल तर गोळी घेऊन घरात दार लावून बसणाऱ्याला ती निम्मीच लागू पडणार, कारण हसरे चेहरे भेटणार कुठे? गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांना बोलतं केलं, छोटी छोटी कामं पुन्हा हाती घ्यायला लावली. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्या चाचणीचे निकाल आले, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा हे रुग्ण जास्त प्रमाणात बरे झालेले दिसले. बोलण्यानेही मेंदूतच काहीतरी हलतं. ‘केमिकल’ आणि ‘मानसिक’ अशा दोन फळ्या करून त्यावर वेगळ्या बरण्या मांडायची सवय आपली आहे, मेंदूची नाही.

बरण्यांवरून आठवलं. परवा एक जण नागीण होऊन गेल्यावर उरलेल्या आगीवर लिहून दिलेली अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमची गोळी घेऊन भांडायलाच आला. मोबाइलवर बघितलं तर ‘डिप्रेशनचं औषध’. “मला वेडा समजतात काय?” तीच गोळी जास्त मात्रेत नैराश्याला, कमी मात्रेत नसांच्या दुखण्याला आणि अर्धशिशीला देतात. व्हॅलप्रोएट फिटला आणि उन्मादाला, ड्युलॉक्सेटिन नैराश्याला आणि मधुमेहींच्या तळव्यांच्या आगीला. ‘अँटी-डिप्रेसंट’ ही कंपनीने आणि दुकानदाराने लावलेली चिठ्ठी आहे, रेणूला ती वाचता येत नाही.

स्किझोफ्रेनियाच्या औषधांकडे आलं की चित्र जास्त स्वच्छ दिसतं, कारण तिथे मोजमाप झालं आहे. १९७० च्या दशकात लक्षात आलं की औषध डोपामिनच्या डी-टू रिसेप्टरला जितकं घट्ट धरतं, तितका त्याचा डोस कमी लागतो. पुढे पेट स्कॅनने दाखवलं की साधारण ६५ टक्के रिसेप्टर झाकले गेले की गुण येऊ लागतो आणि ८० च्या वर गेले की अंग आखडायला, हात कापायला लागतात. डॉक्टर या अरुंद कठड्यावरून चालत असतो. आमच्याकडे एक आई येते. मुलगा पंचविशीतला. एकदा सोबत त्यालाही आणलं होतं, मी समोरून चहा मागवला, तर बशीत कप असा वाजू लागला की त्याने तो तसाच काउंटरवर ठेवून दिला. आई हळूच म्हणाली, “भाऊ, ही गोळी हेवी पडते. बंद करू का?” कार्लसनचा ससा आणि हा कप, दोन्हींमागे डोपामिनच. मी त्यांना आल्या पावली डॉक्टरांकडे पाठवलं, डोस कमी झाला, कंप गेला. बंद केली असती तर काय झालं असतं ते त्या घराने आधी दोनदा भोगलं होतं.

त्याच मुलाला मी एकदा भीत भीत विचारलं, आवाज अजून येतात का? म्हणाला, “येतात की. पण आता शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखे.” शितिज कपूर यांनी २००३ साली जे मांडलं ते मला इतक्या नेमक्या शब्दांत कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. डोपामिन एखाद्या गोष्टीवर ‘हे महत्त्वाचं’ असा शिक्का मारतं. आजारात वाटेल त्यावर शिक्के पडतात, मागून आलेली मोटारसायकलही आपल्यासाठीच आलेली वाटते. औषध शिक्क्याची शाई पुसट करतं. आधी लागलेली समजूत ते खोडत नाही, ती खोडायला वेळ आणि माणसं लागतात. आणि डोपामिनही सगळी गोष्ट नाहीच. क्लोझापिन डी-टूला सैल धरतं, तरी इतर औषधं हरल्यावर तेच चालतं (पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवायला रक्त तपासत राहावं लागतं). सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेलं झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम तर डोपामिनच्या रिसेप्टरांना धरतच नाही, दुसऱ्याच दारातून आत जातं.

मग लिथियम. हा धड रेणूसुद्धा नाही, साधा क्षार, मिठाचा नातलग. १९४९ साली मेलबर्नच्या जॉन केड यांनी तो उन्मादाच्या रुग्णांना दिला. गुरुजींना हवी होती ती तपासणी इथे आहे. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या आत ठेवायची, दीडच्या वर विषबाधा. पण मोजतो ते औषध, शरीरातली लिथियमची उणीव नव्हे, या आजारामागे तशी उणीव दिसलेली नाही. आणि लिथियम मेंदूत नेमकं काय करून उन्माद आवरतं यावर आजही एकमत नाही. ज्या औषधाची कहाणी जाहिरातीत शोभली त्याला मोजपट्टी नाही, आणि जे पक्कं मोजता येतं त्याला कहाणी नाही. मला काउंटरवर कहाणीपेक्षा मोजपट्टी कामाची. एप्रिल-मे महिन्यात लिथियमवरचा माणूस कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक मागायला आला तर मी देत नाही, डॉक्टरांना फोन लावतो. वेदनाशामक, जुलाब, घामाने गेलेलं पाणी, बीपीसाठी अचानक तोडलेलं मीठ, यातल्या कशानेही लिथियम मूत्रपिंडात अडून पातळी चढते. गिऱ्हाईक चिडून पुढच्या दुकानात जातं, तो भाग वेगळा.

आता दुसरी बाजू. एक डॉक्टर मित्र मला नेहमी सुनावतो, “तू दुकानात बसून तत्त्वज्ञान सांगतोस. माझ्याकडे येणाऱ्या बाईला घरचे म्हणत असतात, नाटकं करते, बाहेरचं लागलंय. मी ‘केमिकल’ म्हटलं की देवऋषी सुटतो, नवऱ्याची शिवी थांबते. खोटं असलं तरी पुण्याचं आहे.” हा युक्तिवाद हलका नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नसल्याचं दिसलं. त्या माणसांना दारात आणणारं वाक्य मोडताना हात कापायला हवा.

पण त्या वाक्याचं बिलही घरीच येतं. दोष जातो, त्या जागी डाग बसतो. ‘केमिकल कमी’ म्हणजे माणूस मुळातच उणा, कायमचा उणा. सोयरीक जुळवताना “घराण्यात कुणाला आहे का?” हा प्रश्न त्यातूनच येतो. आजाराचं कारण निव्वळ जैविक आहे असं सांगितल्यावर लोक रुग्णाला दोष कमी देतात, पण तो बरा होईल यावरचा त्यांचा विश्वासही कमी होतो, असं परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे. बरं, देवऋषी सोडवायला खोटंच कशाला हवं? “तुमचा आजार खरा आहे, या औषधाने बऱ्याच जणांना उतार पडतो, गुण यायला महिना लागेल, मध्येच सोडू नका.” यात एकही शब्द खोटा नाही आणि यालाही दोन मिनिटं लागत नाहीत.

खोट्या वाक्याचं खरं नुकसान ते उघडं पडतं तेव्हा दिसतं. २०२२ साली जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन लिहिलं की नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेने येतं याला ठोस आधार नाही. वर्तमानपत्रांत ते ‘गोळ्या निरुपयोगी’ असं पोचलं. आमच्याकडे दोघातिघांनी मोबाइल पुढे धरला. मॉनक्रीफ स्वतः या गोळ्यांकडे संशयानेच बघतात, पण त्या आढाव्याचा विषय गोळी चालते का हा नव्हता. त्या प्रश्नाचं उत्तर २०१८ मध्ये अँड्रिया चिप्रियानी यांच्या गटाने दिलं होतं. ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण, २१ औषधं, आणि एकवीसही खोट्या गोळीपेक्षा सरस. सरशी सरासरीने मध्यमसुद्धा नाही, माफक आहे, हेही तितकंच खरं. खोटी गोळी घेणाऱ्यांतलेही बरेच सुधारतात.

आणि इथे मला परत बटाटा आठवतो. आई म्हणायची, बटाटा मीठ ओढून घेतो. खरं तर तो खारट पाणी पितो, उरलेली आमटी जवळपास तितकीच खारट राहते. पण बटाटा टाकताना आपण वाटीभर पाणी घालतो, आणखी एक उकळी काढतो, जरा चिंच-गूळ वाढवतो, आणि श्रेय बटाट्याला देतो. नैराश्यात काळ, माणसं, डॉक्टरने ऐकून घेतलेलं आणि गोळी हे सगळं एकाच पातेल्यात उकळत असतं. गोळीचा वाटा त्यातून वेगळा काढायलाच त्या ५२२ चाचण्या लागल्या. तो वाटा खरा निघाला आणि आपण समजत होतो त्यापेक्षा लहान निघाला. दोन्ही गोष्टी एकदम पचवायला आपल्याला जड जातं. ‘केमिकल’वर श्रद्धा असणारे आणि ‘सगळा कंपन्यांचा धंदा’ म्हणणारे, दोघांचीही अट एकच असते, की उणीव सिद्ध झाली तरच औषध खरं.

सोडण्याच्या बाबतीत तर टाकीचं चित्र धोकादायकच आहे. टाकी भरली की नळ बंद करतात. माणसं तसंच करतात, एके दिवशी गोळी बंद. तीनचार दिवसांत चक्कर, डोक्यात करंट मारल्यासारखं, विनाकारण रडू. मग म्हणतात, आजार परत आला, किंवा सवय लागली. ही दोन्ही अनुमानं नेहमीच खरी नसतात. मेंदूने दगड लावलेल्या टेम्पोसकट स्वतःची घडी बसवलेली असते, तुम्ही दगड एकदम काढलात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनला हे जास्त जाणवतं, फ्लुऑक्सेटिन शरीरातून फार सावकाश जातं म्हणून त्याला कमी. शिवाय डोस आणि परिणाम यांचा हिशेब सरळ रेषेत नसतो. नेहमीच्या डोसाने सेरोटोनिनच्या त्या टेम्पोंपैकी ८० टक्क्यांच्या आसपास अडतात, पण अगदी थोड्या डोसानेही त्यातले बरेच अडतात. म्हणून पूर्ण गोळीवरून अर्धीवर येणं सोपं आणि शेवटच्या पाव तुकड्यावरून शून्यावर येणं अवघड. हॉरोविट्झ आणि टेलर यांनी २०१९ साली याच कारणासाठी सांगितलं की शेवटाकडे पायऱ्या लहान लहान करत न्याव्यात. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं. “आता अर्ध्यावर आलोय, सोडून दिली तर काय होतंय?”

याउलट लोक निर्धास्तपणे ज्या गोळीवर विश्वास ठेवतात ती अल्प्राझोलाम. ती त्याच रात्री गुण देते. मेंदूतल्या गाबा नावाच्या ब्रेकवर ती सरळ पाय ठेवते, आणि सवय खरोखर लावते ती हीच. तिची विक्री एच-वन रजिस्टरमध्ये डॉक्टर आणि रुग्णाच्या नावानिशी लिहावी लागते, तरी “दोनच द्या ना, भाऊ, ओळखीचा आहे” हे रोजचं. हळू चालणारी, सवय न लावणारी गोळी माणूस तिसऱ्या आठवड्यात सोडतो आणि ही वर्षानुवर्षं धरून ठेवतो. ज्याचा परिणाम लगेच दिसतो ते औषध आणि बाकीचं सगळं ‘मनाचं समाधान’, अशी ही समज आहे. त्यात भर म्हणजे काही तक्रारी लोक सांगतच नाहीत. या गोळ्यांनी शरीरसंबंधांतली इच्छा कमी होते हे नवरे मला दुकान रिकामं असताना, काउंटरवर वाकून, सर्दीबद्दल बोलावं तसं दुसरीकडे बघत सांगतात. डॉक्टरांना सांगितलं का? नाही. गोळी तेवढी बंद केलेली असते.

गुरुजी पुढच्या महिन्यात आले. दाढी केलेली होती. मुलीने रोज सकाळी देवळापर्यंत चालायला लावलं होतं, तिथे दोन जुने विद्यार्थी भेटत होते. या वेळी दुकानात कोणी नव्हतं, म्हणून मी त्यांना स्टूल दिलं आणि टाकी, टेम्पो, ससा, सगळं सांगितलं. मोजायची तपासणी नाही हेही सांगितलं. झोप, भूक, चालणं, पेपर वाचून लक्षात राहणं, हे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा म्हटलं. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची असते, पुढे किती ते डॉक्टर ठरवतील. ते ऐकत होते. शेवटी बटाट्याचंही सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. “पण मग आमटी सुधारली की बटाटा काढून टाकायचा की नाही?”

“कुणी काढतं, कुणी ठेवतं,” मी म्हटलं.

“आमच्याकडे हिला आवडायचा,” ते म्हणाले. “ती खायची.” मग स्ट्रिप उलटीपालटी करून त्यांनी मागची तारीख वाचली आणि विचारलं, “एकतीसची येत नाही का? दहाच्या स्ट्रिपने महिन्याचा हिशेब एकतीसला चुकतो.”